डोळे वर केले म्हणून

४ एप्रिल, मंगळवार

कुबात,

दोन रात्री मी झोपलेले नाही. डोळा लागला आणि उघडला, आणि शेजारी एर्मेक नसला तर, म्हणून. आपल्या खोलीला कडी नाही, ती तुमच्या वडिलांनी काढली. सुनेच्या खोलीला कडी कशाला, म्हणाले. मग मी रजयांची पेटी दाराला लावते, तिला पाठ टेकते आणि पोराला मांडीवर घेऊन बसते. पायांवर मुंगळे चढल्यासारखं होतं. तरी बसते.

रविवारी चहाच्या वेळी तुमची आई म्हणाली, "पंधरा तारखेला, शनिवारी, सबिरा येतेय बिश्केकहून. एर्मेकला नेईल."

मला वाटलं चार दिवस नेतेय. विचारलं, "किती दिवस, एने?"

"दिवस कसले विचारतेस. पहिला मुलगा घराचा. पुढचे होतील ते तुझे."

"तो अजून अंगावर पितो."

"डब्यातलं पिईल. सबिराच्या नळाला गरम पाणी येतं. तुझ्या नळाला काय येतं?"

मी पेला भरत होते. भरतच राहिले. चहा ओसंडून चादरीवर गेला, तर आई तुमच्या वडिलांना म्हणाली, "बघा. पेला धरता येत नाही, ही पोर धरणार."

आपल्याकडे पहिला नातू आजी-आजोबा वाढवतात, मला माहीत आहे. माझा थोरला मामाही असाच वाढला. पण आजीच्या घरी वाढला. आई रोज समोर दिसायची. इथून बिश्केक दीड दिवस लांब आहे. तुमच्या बहिणीला, सबिरा ताईला, दहा वर्षांत मूल झालं नाही याचं मलाही वाईट वाटतं. म्हणून माझं काढून द्यायचं?

हे सगळं फोनवर बोलले असते. फोन तुमच्या आईच्या कपाटात आहे. म्हणे मी ओशला माझ्या भावाला घरातलं सांगते. मी जोमार्त दादाला आजपर्यंत "ठीक आहे" सोडून काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार, तुमची आई शेजारी बसून लोकर पिंजत असायची.

म्हणून दवाखान्यात बसून लिहितेय. नर्स आल्मागुलने ही वही दिली. शेजारची कुंदुझ सोळा तारखेला मॉस्कोला नवऱ्याकडे निघते, ती आणून देईल. तिने वाचलं तरी मला फिकीर नाही. मी सातवीपर्यंतच शिकले, अक्षर लागेल तसं लावून घ्या.

मागच्या आठवड्यात तुम्ही आईला विचारलंत, "ती वेडी झालीय का?" स्पीकर चालू होता. मी भांडी घासत होते, दोन हात अंतरावर. मलाच विचारायचं होतं. पाणी बंद करून उत्तर दिलं असतं.

तुर्सुनाय


६ एप्रिल, गुरुवार

वेडी नाही झाले. मंगळवारी आणि गुरुवारी मी वेनेरा बाईंकडे जाते. मला पहिल्यांदा तुमच्या आईनेच पाठवलं. जी जाईल तिच्या घराला पिठाचं पोतं मिळत होतं म्हणून. ते पोतं खाऊन झालं. आता म्हणते बाई चेटकीण आहे.

बाई बातकेनहून येतात, वजन करतात त्या खोलीत बसतात. औषध देत नाहीत. समोर नाही, तिरक्या बसतात, दोन बोटं धरतात आणि इकडून तिकडे, इकडून तिकडे फिरवतात. आपण डोकं न हलवता डोळ्यांनी बोटांच्या मागे जायचं. ते करताना मनात ते वाईट चित्र धरायचं. मग त्या थांबतात, म्हणतात श्वास घे, आता काय येतंय? जे आलं ते सांगायचं. मग परत बोटं. मी विचारलं, याने काय होणार? म्हणाल्या, घाबरल्या दिवसाची आठवण नीट आत जात नाही, दारात अडकून राहते. तू आठवत असतेस आणि त्याच वेळी इथे या खोलीत माझी बोटं बघत असतेस, तेव्हा तिला सरकायला जागा मिळते. नक्की कसं होतं ते मोठ्या डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही, पण पुष्कळांना गुण येतो. खोटं बोलल्या नाहीत म्हणून मी थांबले.

पण मला ते जमेना. का, ते तुम्हाला कळायला हवं. बाईंनी बोटं तोंडासमोर धरली की माझे डोळे खाली. परत धरली, परत खाली. तीन वर्षं तुमच्या घरात मी कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या दाढीत पांढरे किती हे मला सांगता येणार नाही. त्यांचे मोजे कुठे कुठे शिवलेत ते सांगेन. बाई बातकेनच्या, त्याही कुणाच्या तरी सूनच आहेत, पण त्यांना वाटलं मला चित्राचीच भीती वाटते. दोन आठवडे त्या तेच करत राहिल्या. मला घेरी यायची. मग एक दिवस हसल्या.

"अगं, तू माझ्यापुढे सून होऊन बसलीस."

"मग काय होऊन बसू?"

"तशीच बस. मी खाली येते."

खुर्ची सरकवली, जमिनीवर सतरंजी टाकली, मधे चादर पसरली जशी जेवायला पसरतो, आणि बोटं त्या चादरीवरून फिरवली, पेले ठेवतो तिथे. माझे डोळे जिथे असतात तिथे. आणि ते जमलं. दर वेळी बाई हात थोडा वर घ्यायच्या. पेल्याएवढा. मग चहाच्या किटलीएवढा. मार्च संपेपर्यंत बोटं त्यांच्या खांद्यापाशी आली होती आणि मला कळलंही नाही.

सोळा सप्टेंबरचं तुम्हाला जे सांगितलंय ते त्यांच्या तोंडचं आहे. माझं ऐका.

सकाळी सीमेपलीकडून गोळीबार सुरू झाला. तुमच्या वडिलांनी गाडी काढली. फ्रीज चढला. टीव्ही चढला. लग्नातला गालिचा चढला. तुमच्या आईने पाळणा उचलला, वरून झाकलेला, आणि मांडीवर घेऊन बसली. मी तळघरात बटाटे घ्यायला उतरले होते, एर्मेक माझ्या कडेवर होता. पाळणा रिकामा होता. झाकलेल्या पाळण्यावरचं कापड कोण उचलतं? मूल जागं होईल, नजर लागेल. त्यांनीही नाही उचललं. गाडी गेली. पहिल्या चौकीपाशी तुमच्या आईने कापड उचललं, आत उशी होती.

ते परत आले नाहीत. रस्ता बंद होता म्हणतात. असेल बंद. पण जाताना मला कुणी हाक मारली नाही हे लिहून ठेवा. पाळण्यात नातू आहे असं वाटत होतं ना, मग सून कुठे आहे हे कुणाला का वाटलं नाही?

शेजारच्या गोठ्यावर तोफगोळा पडला तो आमच्यावरच पडल्यासारखा वाटला. तळघराचं छप्पर अर्धं खाली आलं. धूळ. एर्मेक रडायचा थांबला. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. ते चित्र. अजून लोखंडी फाटक वाजलं की तेच येतं, आणि मग मी झोपलेल्या पोराला हलवून उठवते, जिवंत आहे ना बघायला. तुमची आई म्हणते पोराला झोपू देत नाही. खरं आहे. नाही देत.

बाईंनी विचारलं, दहापैकी किती त्रास? म्हटलं दहा. विचारलं, ते चित्र बघताना स्वतःबद्दल काय शब्द येतात? मी सांगितले. तुम्हाला नाही सांगणार.


११ एप्रिल, मंगळवार

आज तुमची आई दवाखान्याच्या खिडकीपाशी आली. बाईंची बोटं फिरत होती, माझे डोळे मागे फिरत होते. तिने काचेवर हात आपटला. मी दचकले, पण पळाले नाही. दार उघडून ती आत आली.

"हे उपचार? माझ्या सुनेची बुबुळं फिरवतेस मांजरीसारखी?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "बसा, एने. चहा घ्या. दाखवते तुम्हाला पण."

"मला काय झालंय?"

"तुम्हीही त्याच गाडीत होतात त्या दिवशी. झोप लागते?"

 खोटं नाही सांगत, तुमच्या आईचा हात डोक्यावरच्या फडक्याकडे गेला. मग म्हणाली, "मला काही झालेलं नाही. माझी माणसं मेली नाहीत." आणि माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे बघत होते. मुद्दाम नाही. बाईंची बोटं जिथे थांबली तिथे डोळे होते आणि तिथेच तिचं तोंड आलं. मी पहिल्यांदा बघितलं की तिच्या डाव्या भुवईत तीळ आहे.

"खाली," ती म्हणाली.

माझे डोळे गेले नाहीत. मलाच आश्चर्य वाटलं.

घरी सगळ्यांना सांगितलं, सून तोंडाकडे बघते, ही आता कामातून गेली. धुरी घातली माझ्याभोवती, एर्मेकला खोकला लागेपर्यंत. आणि संध्याकाळी तुमचा फोन आला. या वेळी माझ्या हातात दिला, पण स्पीकर चालूच.

तुम्ही म्हणालात, "ताईकडे राहील दोन-तीन वर्षं. तू बरी हो. मी परत आलो की बघू."

मी विचारलं, "तुम्ही एर्मेकला कधी हातात घेतलंय?"

"हा काय प्रश्न आहे?"

साधा प्रश्न आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्या पोटात होता. तुम्ही त्याला फोनच्या काचेत बघितलंय. तुम्हाला माहीत नाही तो झोपेत डावा कान ओढतो. ज्या माणसाने त्याला कधी उचलून बघितलं नाही तो त्याला दुसऱ्याच्या हातात देतोय.

मग तुम्ही म्हणालात, "आईचं ऐक. ती काय तुझी शत्रू आहे?" आणि फोन ठेवला. तुमची आई म्हणाली, "झालं समाधान?"

मी आता तुला तू म्हणणार आहे, कुबात. लिहिताना हात थांबला होता. आता नाही थांबत.


१३ एप्रिल, गुरुवार

मागच्या गुरुवारी जे लिहिलं त्यात खोटं आहे. मी तळघरात बटाटे घ्यायला गेले नव्हते.

सबिराला मूल द्यायचं हे मी त्या रविवारी नाही, गेल्या सप्टेंबरातच ऐकलं होतं. गोळीबाराच्या दोन दिवस आधी. तुझे आई-वडील जर्दाळू निवडत बोलत होते, मी भिंतीमागे कपडे वाळत घालत होते. थंडी पडायच्या आत नेऊन सोडू, म्हणत होते. तर त्या सकाळी गाडी निघायला लागली आणि मला वाटलं, हे आता पोराला घेऊन जातील आणि सरळ बिश्केकलाच नेतील. मी पाळण्यातून एर्मेकला सोडवला, पट्टे तसेच बांधले, आत उशी ठेवली, वर कापडं घातली. आणि तळघरात गेले. तुझ्या वडिलांनी हॉर्न दिला. तुझ्या आईने हाक मारली. हो, मारली. दोनदा. "तुर्सुनाय, कुठे मेलीस." मी एर्मेकच्या तोंडात स्तन दिला आणि गप्प बसले. मला वाटलं, ते पाळणा घेऊन जाऊ देत, पोर तर घरी राहील. तोफगोळे पडतील असं वाटलं नव्हतं. आधीच्या वेळी तासाभरात थांबलं होतं.

मग पडले.

म्हणजे हाक मारली नाही हे मी तुझ्या आईवर खोटं घातलं. ते परत घेते. बाकीचं काही परत घेत नाही.

बाईंनी विचारलेले शब्द आता सांगते. मी माझ्या हट्टापायी पोर मारलं. हे सात महिने रोज माझ्या तोंडात होतं. पोर समोर रांगत होतं आणि मी त्याला मारलेलं होतं. हे कुणाला सांगणार? तुला सांगितलं असतं तर तू पोर काढून घेतलं असतंस. न सांगताही घेतोच आहेस.

आज बाईंना पाळण्याचं सगळं सांगितलं. वाटलं उठून जातील. त्या म्हणाल्या, "ते धर मनात. आणि माझ्या बोटांकडे बघ." आज बोटं त्यांच्या तोंडासमोरच होती. पहिल्या वेळी धूळ आली. छाती दाबली गेली. दुसऱ्या वेळी तुझ्या आईची हाक. मी हात वर केला, थांबा म्हणून, आणि त्या लगेच थांबल्या. पाणी दिलं. माझं मीच म्हटलं, परत करा. तिसऱ्या की चौथ्या वेळी माझा स्वतःचा हात आला. डोक्याचं फडकं सोडतोय. त्याचं टोक थुंकीने ओलं करतोय. एर्मेकच्या नाकातली धूळ बोटाने काढतोय, आधी एक नाकपुडी, मग दुसरी. आणि तो शिंकला.

कुबात, तो शिंकला होता. मग रडला. मग प्यायला. चित्र मला इतके महिने तोंड उघडं तिथपर्यंतच दिसत होतं. पुढचं सगळं झालेलं होतं, मीच केलेलं होतं, आणि मला सापडत नव्हतं. बाईंनी माझ्या डोक्यात काही घातलं नाही. त्या तर फक्त "मग?" म्हणत होत्या.

मी हसले. मग एवढी रडले की आल्मागुल सुई हातात घेऊन धावत आली. बाईंनी विचारलं, आता दहापैकी किती? म्हटलं तीन. शब्द कुठले? म्हटलं, घाबरले होते, आणि त्याला बाहेर मीच काढलं. उपाशीपोटी बागेतून चालत, रस्त्यापर्यंत.

आणि मग राग आला. कानापर्यंत गरम झाले. मी विचारलं, "बाई, हे काही चुकलं का? भीती जाऊन हे आलं."

"तुझा आहे, येऊ दे. पण याचं काय करायचं ते माझ्या बोटांनी नाही ठरणार. ते तू ठरव."

काल रात्री मी दोन तास झोपले, पेटीला टेकूनच. आज तळघराची भीती आणखी कमी झाली. शनिवारची नाही झाली. ती भीती आठवणीतली नाही ना. ती गाडीत बसून येतेय.


१४ एप्रिल, शुक्रवार

सबिरा आजच आली. एक दिवस आधी. घाईत लिहितेय.

सोबत कागद आहे. मी आजारी आहे आणि राजीखुशीने मूल देते असं लिहिलंय. खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीची जागा कोरी. तुझं संमतीपत्र तू पाठवलंस म्हणे, तिने फोनवर दाखवलं. तुझी सही मी ओळखते.

सबिरा वाईट बाई नाही. तिने एर्मेकसाठी निळा स्वेटर विणलाय, हात एक आखूड, एक लांब. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुर्सुनाय, मी त्याला फुलासारखा ठेवीन गं."

"माहीत आहे, ताई. म्हणूनच भीती वाटते."

ती रडायला लागली. तुझे वडील म्हणाले, "सही कर. मला नमाजाला जायचंय."

मी म्हटलं, "नाही."

"डोळे खाली घालून बोल."

"डोळे खाली घातले तरी नाहीच म्हणेन. मग वर करूनच म्हणते. नाही."

 तुझ्या वडिलांच्या दाढीत काळे केस मोजून पाच-सहा उरलेत. ते म्हणाले, "आल्यावर बघतो," आणि मशिदीकडे गेले. मी एर्मेकला पाठीशी बांधला आणि फाटकाकडे निघाले, तुझ्या आईच्या समोरून. लपून नाही. ती म्हणाली, "जा. संध्याकाळी भूक लागली की येशील." अडवलं नाही. 

आता दवाखान्यात आहे. आल्मागुल वरच्या वस्तीत लसी द्यायला गेलीय, दार उघडं होतं. वेनेरा बाई मंगळवारशिवाय येणार नाहीत. इथला फोन तिच्यासोबत गेला. नमाज संपायला अर्धा तास असेल. मग तुझे वडील गाडी काढतील आणि पहिल्यांदा इथेच येतील. म्हणून मी इथे थांबणार नाही. मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंपापाशी जी चहाची टपरी आहे, तिथे बाहेरच्या बाकावर बसणार आहे. तिथे ट्रकवाले असतात, माणसं असतात. चार लोकांसमोर पाठीवरचं पोर सोडवून घेणं त्यांना जड जाईल. माझी छाती आता फाटक वाजल्यासारखी वाजतेय, पण पाय चालतात.

कुबात, ही वही तुझ्यापर्यंत येईल की नाही मला ठाऊक नाही, आणि आता मला त्याचं काही नाही. तुझ्याशी बोलून झालं.

जो कोणी हे टेबलावर बघेल, आल्मागुल असो की इंजेक्शनला आलेलं कुणीही, त्याने आधीचं वाचत बसू नये. माझ्या भावाला फोन करा. पंपावर कुणाचा मिळाला तर मीही करीन, पण तुम्ही त्यासाठी थांबू नका. जोमार्त, ओशला टॅक्सी चालवतो. नंबर वहीच्या शेवटच्या पानावर मोठा लिहिलाय. त्याला सांगा, तुर्सुनायने आजवर जेवढ्या वेळा ठीक आहे म्हटलं तेवढ्या वेळा ते ठीक नव्हतं. सांगा, ती वेडी नाही. सांगा, पोर तिच्यापाशी आहे, पंपापाशी बसलीय, आणि तिथून हलणार नाही. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही. पहिल्यांदा उचलला नाही तर परत करा. दुसऱ्यांदाही नाही उचलला तर परत करा. तो उचलेपर्यंत करत राहा.